तात्या परबांचा जंगलसाहेब

तात्या परबांनी मला फसवलं. एकदा नव्हे, चौदा महिने, दर रविवारी, समोर बसवून फसवलं. आणि मी म्हणजे कोण, तर मशीद बंदरचे घाऊक व्यापारी ज्याला लांबून येताना बघून गुमास्त्याला म्हणतात, "आता तासभर गेला," तो हरी राऊळ. लालबागला माझं ताडपत्रीचं दुकान आहे. ते मी फुटपाथवरून उभं केलं. आयुष्यात मला एकाच माणसाने गंडवलं, आणि तो धड ऐकूही न येणारा साचेवाला होता. हे लिहायला बसलोय ते त्यांचे गुण गायला नव्हे. पण एखाद्यावर फिर्याद करायची तर आधी तो माणूस कसा होता ते सांगावं लागतं.

तात्या आमच्या मिलच्या साचाखात्यात तीस वर्षं होते. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एका छपराखाली चालू झाले की तिथे तोंडाने बोलण्यात अर्थ नसतो. साचेवाले हातांनी बोलायचे आणि समोरच्याचे ओठ वाचायचे. दोन बोटांची कात्री केली की तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली. टोपी सारखी केली की साहेब आला. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येतोय. हवेत वरून खाली दोरी ओढली की भोंगा झाला, पाळी सुटली. तात्या साच्यांच्या तीन गल्ल्या पलीकडच्या माणसाचे ओठ वाचत. तिकडून कुणी पुटपुटत शिवी दिली तर हे इथून तीच शिवी जास्त मसाला लावून हातांनी परत पाठवत.

या सगळ्यात त्यांचे कान गेले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते कायम ओरडून बोलत. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, जेवताना ते बायकोला "मीठ कमी आसा" म्हणाले की तळमजल्यावरची खोपकर काकू अंगणातून विचारायची, "पाठवू का?"

कुणीही भेटला की तात्या आधी त्याच्या सदऱ्याची कड चिमटीत धरून चोळत, मग तोंडाकडे बघत. कापड चांगलं असेल तर माणसाशी बरं बोलत. चालायचे तिरके, एक खांदा पुढे काढून, कारण दोन साच्यांमधल्या गल्लीत तसंच चालावं लागतं. रुंद रस्त्यावरही तसेच चालत. आम्ही हसायचो. पुढे कारवीच्या रानात त्यांच्यामागून जाणारे आम्ही पाची जण ओरबाडून निघालो आणि तात्यांच्या सदऱ्याचा धागासुद्धा निघाला नाही, तेव्हा हसायचं थांबलो.

कारण तात्यांना वानरांचं वेड होतं. माणसाळलेल्या, देवळापाशी बसून प्रसाद ओढणाऱ्या वानरांचं नव्हे. रानातल्या. कर्जतपर्यंत गाडीने जायचं, पुढे दोन तास चालून घाटाच्या पायथ्याची एक ठाकरवाडी गाठायची, आणि तिथून वर जंगलात चढायचं. सुट्टी मिळाली की ते एकटे जात. संपाआधीच्या वर्षी मात्र गडबड झाली. वर झाडांत वानरं खाकरून खाकरून इशारा देत होती आणि तात्या खालून आरामात चालत होते. मागून बिबट्या येत होता. वाडीतल्या ठाकराने समोरच्या उतारावरून ते पाहिलं आणि दगड मारून बिबट्याला पळवलं. त्याने ही गोष्ट चाळीत येऊन काकींना, म्हणजे तात्यांच्या बायकोला सांगितली, आणि काकींनी तात्यांचं एकट्याने जाणं बंद केलं. हे लक्षात ठेवा. फिर्यादीत याला महत्त्व आहे.

मग संप झाला. मी साचाखात्यात बदली कामगार होतो, म्हणजे कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी काम. बायको, सुमन, पहिल्या बाळंतपणाला गावी गेली ती संपामुळे तिकडेच राहिली. सुरुवातीचे महिने सभा, मोर्चे यांत गेले. वर्ष उलटलं तसं माणसं आतून कुजायला लागली. धान्य वाटपाच्या रांगेत उभं राहायचं आणि घरी येऊन भिंतीकडे बघायचं. आमच्या मजल्यावरचा शंकर, माझ्या लग्नात ज्याने मुंडावळ्या बांधल्या तो, एक दिवस गुपचूप कामावर गेला. अशा लोकांना तेव्हा मिलच्या आतच ठेवत. आठवडाभर तो आत असायचा. रविवारी सकाळी मागच्या गल्लीने घरी यायचा, संध्याकाळी परत जायचा.

माझं डोकं तापट. साच्यात सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला फटका मारायला एक लाकडी दांडा असतो, हातभराहून लांब, दगडासारखा टणक. तसा एक माझ्याकडे होता. एका रविवारी उजाडता उजाडता तो वर्तमानपत्रात गुंडाळून मी जिना उतरत होतो. शंकरचे गुडघे फोडायचे, एवढंच ठरवलं होतं. पुढचं काही ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तात्या उभे.

"खंय चललस रे सकाळीच?"

"कुठे नाही."

"हातात काय ता?"

त्यांनी पुडकं ओढून घेतलं, कागद सोडला, दांडा जमिनीवर टेकून बघितला. "बरो दांडो आसा," ते सगळ्या चाळीला सांगत म्हणाले. "डोंगरात काठी होईच होती माका. चल."

"कुठे चल?"

"वांदर बघूक. सरकारी काम आसा."

खाली दारात पास्कल आणि आणखी तिघे पिशव्या घेऊन उभे होते. पास्कल आमच्या मिलचा टाइमकीपर, प्रभादेवीच्या जुन्या ख्रिस्ती घरातला. सरकारी काम हा शब्द ऐकून माझे पाय थांबले. गाडीत तात्यांनी सांगितलं ते असं. जंगलखात्याच्या एका साहेबाशी त्यांची ओळख झाली आहे. घाटातल्या वानरांच्या कळपांची नोंद ठेवायला साहेबाला भरवशाची माणसं हवीत. वर्षभर नोंद नीट ठेवली की सहा जणांना वनरक्षक म्हणून कायम करणार.

कायम! बदली कामगाराला हा शब्द काय असतो ते बदली कामगारालाच माहीत.

मी लगेच अटी घालायला सुरुवात केली. गणवेश किती? तात्या म्हणाले, "साहेबाक इचारतंय." पुढच्या रविवारी उत्तर आलं, एक. मी म्हटलं, एकाने कसं भागेल, धुवायला टाकला तर उघड्याने राखायचं का जंगल? त्याच्या पुढच्या रविवारी साहेब दोन द्यायला तयार झाला. मग बूट. मग बॅटरी. बुटांवर साहेब दीड महिना अडून बसला, चामड्याचे नाही देणार म्हणाला, कॅनव्हासचे देईन. मी सांगितलं, मग सापाची जबाबदारी साहेबाची, तसं लिहून द्या. चामड्याचे मिळाले. रेनकोट मिळाला. पुढच्या बाळंतपणाला गावी जायची आठ दिवसांची रजा मागितली, साहेब पाचावर आला, मी सातावर तोडलं. फक्त छत्रीला तो कधीच कबूल झाला नाही. कारणसुद्धा सांगेना. "नाय म्हणता," एवढंच तात्या सांगायचे.

घासाघीस म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. समोरच्याला घाई दिसू द्यायची नाही. एक गोष्ट सोडून द्यायची म्हणजे दुसरी सुटते. नाही म्हणाला की उठायचं, पण चप्पल सावकाश घालायची. आज जे काही आहे ते त्या शिक्षणावर उभं आहे.

आणि वानरं? पहिल्या रविवारी एकही दिसलं नाही. सहाही जण साचेवाल्यांच्या सवयीने ओरडून बोलत होतो, डोंगर दणाणत होता. एका टेपाडावर तात्यांनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "आजपासून तोंड बंद, हात चालू." तेव्हापासून जंगलात शिरलं की आम्ही मिलच्या खुणांनी बोलायचो.

दुसऱ्या खेपेला एका उंबराच्या झाडावर मोठा कळप सापडला. काळी तोंडं, करडं अंग, शेपट्या खाली सोडलेल्या. एक मादी पोराला पोटाशी धरून होती आणि दुसऱ्या दोघी ते पोर आपल्याकडे मागत होत्या, बाळंतिणीच्या खोलीत शेजारणी मागतात तसं. मला सुमनची आठवण झाली. मी डोळे पुसतोय तोवर फांद्या हलल्या आणि कळपाचा मुख्य नर वरच्या फांदीवर आला. अंगाने दांडगा, चालण्यात माज. तात्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं आणि मिशीला पीळ दिला.

जॉबर आला! पाची जणांनी विड्या फेकल्या. पास्कलने टोपी सारखी केली. मी तर समोरच्या करवंदीच्या जाळीत हात घातला, तुटलेली तार जोडायला. मग सगळ्यांना एकदम कळलं की आपण कुठे आहोत. तोंडात रुमाल कोंबून आम्ही पोट धरून हसलो. त्या वर्षात मी हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच. त्या नराचं नाव जॉबरच पडलं.

पास्कलने मिलचं एक कोरं हजेरीबुक आणलं होतं. त्यात तो टपोऱ्या अक्षरात वानरांची हजेरी मांडायचा. जॉबर, हजर. शेपूटतुटकी, हजर, पोरासह. कानफाटी, गैरहजर. मला त्या गैरहजरांची काळजी लागायची. आठवडाभर मी कानफाटीचा विचार करायचो आणि पुढच्या रविवारी ती दिसली की जीव भांड्यात पडायचा.

माझं काम ऐकायचं. बदली असल्यामुळे माझे कान अजून शाबूत होते. तात्या एक हात माझ्या खांद्यावर ठेवून चालत. वरून वानराने खाकरल्यासारखा "खॉक" असा इशारा दिला की मी मूठ वर करायची, म्हणजे सगळे जागच्या जागी. एकदा अर्धा तास तसे उभे होतो. वानरं एकाच दिशेला बघत ओरडत होती, खाली गवत हललं, वाट बदलून लांब गेलं, आणि वानरं पुन्हा पाला खाऊ लागली. तात्यांनी माझा खांदा दोनदा दाबला. त्यांनी मला दिलेली ही एकच शाबासकी.

एकदा मात्र त्यांनी मला मारलं. शेपूटतुटकीचं पोर अगदी जवळ आलं होतं, मी भाकरीचा तुकडा पुढे केला. तात्यांचा दांडा माझ्या मनगटावर बसला. खाली वाडीत येईपर्यंत ते बोलले नाहीत, मग सगळी वाडी ऐकेल असे बोलले. "आपण रांगेत उभे रवतंव ता पुरे. तेंका हात पसरूक शिकवू नको!" मनगट आठ दिवस सुजलं होतं.

आणि एक रविवार कड्याजवळचा. तिथे दहा-अकरा नुसतेच नर बसलेले दिसले, ना मादी ना पोर. मी खुणेने विचारलं, हे कोण? तात्या पहिल्यांदाच जंगलात तोंडाने बोलले, त्यांच्या मानाने हळू. "हे बदली. तेंका कळप नाय. खंय जागा खाली होता ती वाट बघतत."

"आणि नाहीच झाली तर?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते, म्हणजे त्यांना कळलं. त्यांनी बोट दाखवलं. अकराही जण एकमेकांच्या उवा काढत उन्हात मजेत बसले होते.

त्याच सुमारास माझ्या मेव्हण्याने ठाण्याला रसायनांच्या कारखान्यात माझं काम ठरवलं. वॉचमनचं, पण पक्कं. मी नाही म्हटलं. दोन गणवेश, चामड्याचे बूट आणि सात दिवसांची रजा सोडून मी वॉचमन व्हायचं? मेव्हण्याने वर्षभर तोंड पाहिलं नाही. ती जागा दुसऱ्याला गेली. तो आता पेन्शन खातोय.

चौदा महिने झाले तेव्हा मी तात्यांना नेमणुकीचा कागद मागितला. त्यांनी कानावर हात ठेवून दोनदा मला विचारायला लावलं आणि मग सांगितलं, "साहेब नागपुराक गेलो. नवो साहेब काय आयकणा नाय."

मी त्यांना चाळीच्या अंगणात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते माझ्या ओठांकडे बघत उभे होते, म्हणजे एकेक शब्द वाचत होते. दुसऱ्या दिवशी मी दादरला फुटपाथवर प्लास्टिकचे कागद विकायला बसलो. संप कधी संपला ते कुणालाच कळलं नाही, मिल काही वर्षं रडतखडत चालली आणि बंद पडली. तात्या मात्र रविवारी डोंगरात जातच राहिले, खाकी पँट घालून. ती पँट बघून मला खात्री पटली. नोकरी खरी होती. आमच्या नोंदी दाखवून म्हाताऱ्याने ती एकट्याने खाल्ली. बारा वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. जिन्यात समोर आले तर मी वळून खाली जायचो.

मग पास्कलच्या मुलीचं लग्न झालं. प्रभादेवीला त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा बोलण्यातून तात्यांचा विषय निघाला आणि मी तोंड सोडलं. पास्कल ग्लास हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

"हरी, तू अजून तेच धरून बसलायस? साहेब नव्हताच रे. ती पँट तात्याची मिलचीच, खाकी रंगवलेली."

"नव्हता म्हणजे?"

"नव्हता म्हणजे नव्हता. आम्हांला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पाची जणांना?"

"तुला सोडून सगळ्यांना. साला, बुटांच्या वेळी किती तरास दिला तू! दीड महिना तात्या मला विचारतोय, पास्कल, आता साहेब काय म्हणेल?"

पास्कलने ग्लास खाली ठेवला. "एक सांग. संपात आपल्याला सोमवार काय, बुधवार काय, सगळे वार मोकळेच होते ना? मग जायचं ते रविवारीच का, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही? एवढा हुशार तू! माझी आई वर्षभर मला शिव्या घालत होती. माकडं बघायला जातो आणि चर्च चुकवतो म्हणून."

रविवारी शंकर घरी यायचा.

मी जेवलो नाही. घरी चालत आलो. आधी वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याने काही खाल्लं नव्हतं. बारा वर्षांचा दगड उतरला. वरळी नाक्यापर्यंत तेच वाटत होतं. मग शंकर आठवला. तो आजही माझ्या दुकानावरून जातो, मी कधी ओळख देतो, कधी देत नाही. दोन्ही पायांवर नीट चालतो. त्याचं ते चालणं आठवून मला पुन्हा हायसं वाटलं. आणि चाळीच्या दारात पोचेपर्यंत मला प्रचंड राग आला होता. पाच माणसांनी मिळून मला वेड्यासारखा सांभाळला, आणि मी तिकडे छत्रीसाठी भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या खोलीवर गेलो. काकी मागेच वारल्या होत्या. तात्या गॅलरीत स्टुलावर बसले होते, दांडा दाराला टेकवलेला, मुठीकडे झिजून गुळगुळीत झालेला. बारा वर्षं मध्ये गेली नसावीत तसा त्यांनी माझा शर्ट चिमटीत धरला. "टेरिकॉट," ते नाराजीने म्हणाले.

मी विचारलं, "तात्या, ते सगळं माझ्यासाठी केलंत की तुमच्या कानांसाठी? काकी एकट्याने जाऊ देत नव्हत्या, म्हणून मला पकडलंत ना?"

"माका आयकाक येणा नाय रे."

मी ओरडून विचारलं. खालून खोपकर काकू म्हणाली, "हरी विचारतोय, त्याच्यासाठी केलं की तुमच्या कानांसाठी!" सगळी चाळ बाहेर आली. तात्यांनी मान हलवली. आयकाक येणा नाय.

मी घासाघिशीतला माणूस. मी बसलो, जरा वेळ जाऊ दिला. चप्पल घातली, सावकाश. मग वळून, आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवले. "साहेबाने छत्री का दिली नाही?"

"छत्री उघडलस की वांदर पळतत, मेल्या!" तात्या ओरडले.

आणि सापडले. मग दात नसलेलं तोंड उघडून हसले, हात वर नेला आणि हवेत दोरी खाली ओढली. भोंगा झाला. पाळी सुटली. मी आणखी काय काय विचारलं, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि डोळे मिटलेला तात्या खरोखरच बहिरा होता.

त्यानंतर ते आठ महिन्यांनी गेले. दांडा काकींच्या भाच्याने मला आणून दिला, "तुमचा आहे असं सांगून गेलेत" म्हणून. तो दुकानात गल्ल्यामागे उभा आहे.

पण माझं उत्तर मिळालेलं नाही. मला कायम करतो म्हणून पक्की नोकरी घालवायला लावली, ती कुणाच्या कामासाठी? माझ्या हातातला दांडा काढून घ्यायला, की एका बहिऱ्या म्हाताऱ्याला वानरांपाशी पोचवायला? पास्कल म्हणतो, त्याला माहीत नाही. तो टाइमकीपर होता, त्याला सगळं माहीत असतं. बाकीचे तिघेही अजून आहेत. तुमच्यापैकी पहिल्यांदा रविवार कुणी म्हटला, माझ्या आधी खाली दारात येऊन उभं राहायला तुम्हांला कुणी सांगितलं, आणि मी दांडा घेऊन निघणार हे तात्यांना आदल्या दिवशी कळलं कसं? मी दुकानात दिवसभर असतो. एकाने तरी यावं आणि जाब द्यावा. उत्तर घेतल्याशिवाय मी कुणाला चप्पल घालू देणार नाही.